माझ्यामागे ओढलेल्या गाड्या

४ ऑगस्ट
खिळा! लिव्हरच्या पिनेच्या जागी चक्क खिळा ठोकलेला!

डॉक्टरांची जीप ओढ्यात रुतली होती, पार पोटापर्यंत. मी फावड्यानं चाकांपुढचा गाळ उपसला, फळ्या सारल्या, झाडाला पट्टा बांधून आमचा गाड्या ओढायचा हातविंच लावला. बाबा स्टिअरिंगवर. लिव्हर ओढते तर भलतीच जड. एवढ्या ओढीला पिन तुटायलाच हवी — ती तुटते म्हणून विंचची पोलादी वायर वाचते, आणि आपलं डोकंही! बघते तर खिळा. लिव्हरच्या पोकळ मुठीत जादा पिना मीच भरल्या होत्या. मूठ रिकामी!

बाबांना विचारलं. "पडल्या असतील गं कुठेतरी." आणि फळ्या धुवायला लागले. फळ्या ते कधीच धूत नाहीत.

५ ऑगस्ट
पिना आपोआप संपत नाहीत. म्हणजे मी घरी नसताना, माझ्यामागे कामं झाली. आणि हे काम एकट्याचं नाहीच — एक लिव्हरवर, एक स्टिअरिंगवर. मग बाबांबरोबर कोण?

७ ऑगस्ट
दादा! मोबाइलचं दुकान बुडवून घरी बसलेला दादा! माझ्या नखांतला चिखल बघून "आली म्हैस" म्हणणारा!

चहाचा कप घेताना त्याच्या तळहातावरचे फोड दिसले. मग बाबांना सरळच विचारलं. खाली बघत म्हणाले, "पुढेमागे त्यालाच बघायचंय ना सगळं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

वा! कॉलेज सोडून मी यांच्याबरोबर चिखलात उतरले, तेव्हा "हा धंदा तुझाच" कोण म्हणालं होतं? सरळ तोंडावर सांगितलं असतं तर भांडले असते, बस. पण चोरून? आईही सामील — दोघांचे डबे तीच भरून द्यायची. सगळ्या घरानं मिळून मला वेड्यात काढलं.

८ ऑगस्ट
जेवायलाही बाहेर आले नाही. कुणी विचारलंही नाही.

११ ऑगस्ट
आता तर कमालच झाली! बाबा म्हणतात, "त्याला काही केल्या जमेना. खिळा त्यानंच ठोकला. तू जरा शिकव त्याला — तुझ्यासारखा हात कुणाचा नाही."

हात माझा आणि धंदा त्याचा! इतका संताप आला की हसूच फुटलं. मग नळ सोडून बाथरूममध्ये रडून घेतलं.

१४ ऑगस्ट
नाक्यावरच्या दुसऱ्या विंचवाल्याकडे काम मागायला गेले. बाबांचं आणि त्याचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. "उद्यापासून ये," म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ऐकता ऐकता माझ्याकडे बघत राहिला.

"कामाला आजच निघ. तुझे बाबा आणि दादा ओढ्यात रुतलेत."

बाबांनी मला नाही, याला फोन केला!

त्याच्याच गाडीत बसून हे लिहितेय. कोण येतंय, ते बाबांना माहीत नाही.