हिराच्या मुरमांच्या गोळ्या

भवानी पेठ, सोलापूर
१२ मार्च १९७६

लाडक्या हिरास,

मुरमांच्या गोळ्या देताना डॉक्टर मला म्हणाले होते, "डोकं दुखलं, अंधूक दिसलं, तर गोळ्या बंद करून तिला लगेच घेऊन या." तू बाहेर बसली होतीस. मी तुला सांगितलंच नाही.

पुढं तू म्हणालीस, "अक्का, डोकं लई दुखतंय, एकाचे दोन दिसत्यात."

गोळ्यांनी मुरमं जाऊन तुझा चेहरा उजळला होता. रविवारी मंगळवेढ्याची मंडळी तुला बघायला येणार होती. मी म्हटलं, "चार दिवस कळ काढ की," आणि गोळी हातावर ठेवली.

रविवारी तू चहाचा कप रिकाम्या खुर्चीपुढं धरलास. नजर गेली ती परत आलीच नाही.

मंद्रूपला घरी सगळे नशिबाला बोल लावतात. तूसुद्धा.

माझी पत्रं आता तुला आबा वाचून दाखवतात. हे त्यांच्या तोंडून तुला कसं ऐकवू? म्हणून हे पत्र टपालपेटीत टाकत नाही.

तुझी अपराधी,
वच्छलाअक्का