आठव्या प्रकरणातला मित्र

तीर्थस्वरूप मामांना नमस्कार.

मामींची कंबर आता बरी असेल. तुमचा रक्तदाब कसा आहे? ठीक असेल तरच पुढे वाचा.

तुम्ही शब्द टाकलात म्हणून मला तुमच्या जुन्या मित्राच्या पंपांच्या कारखान्यात, चाचणी विभागात नोकरी लागली. पंप गळतो की नाही, एवढंच मी सांगायचं. माझे अहवाल मालकांना फार आवडले ("पोरगी एक शब्द जास्त लिहीत नाही") आणि त्यांनी मला घराण्याचा इतिहास व स्वतःच्या आठवणी लिहायला केबिनमध्ये बसवलं. तेव्हापासून मी पंपाला हात लावलेला नाही. पुस्तक संपलं की परत चाचणीत, असा शब्द मिळाला होता. पण पुस्तक संपेना, कारण पूर्वज थांबेनात. सोमवारी विहिरी खणणारे पणजोबा गुरुवारी जहाजाचे कप्तान झाले. (जवळ समुद्र कुठे होता, असं मी विचारलं. "इंजिनीअर तू आहेस, तू बघ," म्हणाले.) त्यात मालकीणबाई चहा घेऊन येत आणि जाताना माहेरचा एखादा माणूस इतिहासात ढकलून जात.

मग पहिल्या पंपाचं प्रकरण आलं. तो तुम्ही बनवलात, हे मालकांना मान्य आहे. "पण दोन नावं घातली की वाटेकरी दिसतो गं. वारलेल्या मित्राबद्दल लोक हळहळतात." म्हणून आठव्या प्रकरणात तुम्ही न्यूमोनियाने वारलात. हातात पाना होता. (पाना मालकांचा, न्यूमोनिया माझा.) मी आधी हरकत घेतली होती. त्यावर ते म्हणाले, तुझा मामा दिलदार आहे, त्याची काही तक्रार नसेल. वारल्यावर नसतेच.

वाईट याचं वाटतं, की ते पान चांगलं जमलं आहे. मालकीणबाई मुसमुसल्या. मालकांनी मध्येच चष्मा काढला आणि म्हणाले, "एकदा शेवटचं भेटायला हवं होतं गं त्याला." बसने तीन तास लागतात, असं मी सांगितलं. भर दुःखात कोणी हिशेब काढावा, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तुमची भाची

ता. क. : प्रकाशन येत्या रविवारी आहे. तुम्हाला आमंत्रण नाही, तरी या. मागच्या रांगेत बसा. शेवटी माझी चाचणी विभागात परत बदली झाल्याचं व्यासपीठावरून जाहीर होणार आहे. तोवर कृपा करून जिवंत असल्यासारखं काही करू नका.

पुन्हा ता. क. : जाहीर झालं की उभे राहा आणि तो पंप कोणी बनवला ते मोठ्याने सांगा. माझ्याने ते लिहवलं नाही.