गालगुंडांमागचा हात

२ फेब्रुवारी, रविवार
डुएनचा डावा गाल सुजलाय. म्हणतो, कालच्या आइस हॉकीच्या मॅचमध्ये पकची रबरी चकती लागली. पक उजवीकडून आला होता. मी गोलमधून स्वतः पाहिलं. मला फसवणं सोपं नाही.
१ मार्चला डनबर गावाशी फायनल. आमचं हॉर्स क्रीक अकरा वर्षांनी फायनलला पोचलंय. अकरा वर्षं गोलकीपर मीच आहे. या दोन गोष्टींचा संबंध नाही.

४ फेब्रुवारी
डुएनला गालगुंड. नर्स बर्निस रिंकवर येऊन म्हणाली, लसीचे दोन डोस लागतात, तुमच्या वयाच्या बहुतेकांना एकच मिळालाय, शनिवारी इथेच टोचते, फुकट. या गावात फुकट फक्त बर्फ मिळतो. संशयास्पद.
मी सांगितलं, मला सहाव्या वर्षी गालगुंड होऊन गेलीत, दोन्ही बाजूंना. तिने विचारलं, कोणी तपासलं होतं? मी म्हटलं, गाल माझे होते.

८ फेब्रुवारी, शनिवार
मॅच जिंकलो. लस घेतली तिघांनीच. बाकीचे माझ्याकडे बघून रांगेतून परतले. याला नेतृत्व म्हणतात.
मात्र काळजी घ्यायला हवीच. आजवर बाकावर एकच बाटली फिरायची. आता प्रत्येकाची वेगळी, त्यावर त्याचा नंबर. ट्रेंट कुरकुरला, आपण काय हॉस्पिटलात खेळतो का रे? दुर्लक्ष केलं.
पेय नेहमीप्रमाणे मीच बनवतो: पाणी, मेपल सिरप, मीठ, लिंबू. प्रमाण मी स्वतः शोधून काढलंय. प्रत्येक ब्रेकमध्ये सगळ्या बाटल्या मीच भरतो. आणि प्रत्येक बाटलीतला एक घोट घेऊन चव पाहिल्याशिवाय ती कुणाच्या हातात देत नाही. डुएनच्या बाटलीपासून सुरुवात करायची जुनी सवय आहे. तो नसला तरी क्रम मोडलेला नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

१९ फेब्रुवारी
ट्रेंट, कर्टिस आणि दोघे लायसाक भाऊ. चौघे सुजले. पाच दिवस घरी. फायनलपर्यंत सुटतील.
यामागे डनबर आहे. जानेवारीत त्यांच्या कॅप्टनने ग्लोव्ह काढून हात मिळवला होता. तेव्हाच मनात आलं होतं, एवढं प्रेम कशाला? शिवाय बर्निसची बहीण डनबरची सून. सगळं जुळतं.

२३ फेब्रुवारी
बर्निसने फोन करून एकेकाला विचारलं, सगळ्यांच्या तोंडाला लागेल असं तुमच्यात काय होतं? कर्टिस म्हणाला, लाइलचं पाणी. सुजलेल्या तोंडाने हसला म्हणे. पुढे म्हणाला, खरं तर लाइलच.
स्वतःच्या गोलकीपरवर संशय घेणाऱ्या माणसाचा मला संशय येतो.

२६ फेब्रुवारी
साक्ष हवी म्हणून आईला फोन केला. आई म्हणाली, गालगुंड कुठली रे मेल्या! दाढा किडल्या होत्या तुझ्या. टॉफी चोरून खायचास. दोन्ही बाजूंनी चावायचास.
आई एक्याऐंशीची आहे. स्मरणशक्तीचा भरवसा नाही.
नंतर बर्निसला फोन. विचारलं, आज डोस घेतला तर शनिवारपर्यंत उपयोग होईल का? एका मित्रासाठी विचारतोय. ती म्हणाली, मित्राला सांग, उशीर केलास, पण तरी ये.
मित्र गेला नाही. मित्राला तत्त्वं आहेत.

२८ फेब्रुवारी, सकाळ
उद्याच्या पेयाची चव घेताना कानाखाली जबरदस्त कळ. लिंबू डनबरच्या दुकानातलं होतं. आता पुरावाच मिळाला.

दुपार
हेल्मेट डोक्यात जात नाही. डॉरिनला म्हटलं, आटलंय. ती म्हणाली, लाइल, हेल्मेट आटत नाही. आरशात बघ, बेडूक झालास. मग माझी नजर कुठे गेली ते ओळखून म्हणाली, खाली काही दुखत नाही ना? बायको आहे की पोलीस?
बर्निस आली. पाच दिवस घरी. मी विचारलं, मग गोलमध्ये कोण? म्हणाली, मी. कॉलेजात खेळायचे.
हे बघा! या प्रकरणात कुणाचा तरी फायदा आहे हे मी पहिल्यापासून म्हणत होतो.

१ मार्च, शनिवार
रेडिओवर ऐकलं. ४–१ ने जिंकलो. बर्निसचं नाव समालोचक जरा जास्तच घेत होता. त्याचीही चौकशी व्हायला हवी. डॉरिन बघायला गेली होती. येताना तिचा घसा बसला होता, ओरडून.
संध्याकाळी सगळी टीम कप घेऊन खिडकीखाली आली. आमच्याकडे कप जिंकला की त्यातूनच बिअर प्यायची, एकेकाने, सगळ्यांनी. डुएन ओरडला, बॉस, हा तुझाही आहे! मी खिडकी उघडली, दोन्ही हात बाहेर काढले आणि म्हटलं, आणा, एक घोट.
सगळे मागे सरकले. एकाच वेळी, एका रेषेत, कुणी न सांगता. इतका सुरेख डिफेन्स या टीमने अख्ख्या सीझनमध्ये माझ्यासमोर एकदाही लावला नव्हता.