परत आलेला रंधा

धाकट्या,

तुझ्यासारख्या उदासीच्या आजारात सापडलेल्यांच्या नातेवाइकांचा एक ऑनलाइन गट आहे, त्यात मी आहे. सुतारकाम नुसतं बघून शिकलो, तुला सावरणंही इतरांचं बघून शिकेन, असा माझा तोरा.

आज तू माझा रंधा परत दिलास, पात्याला चोख धार लावून. "घे दादा, मिटलं आपलं रंध्यावरचं भांडण," म्हणत हसलास. मी गटावर आनंदाने कळवलं, भाऊ सुधारला.

एका ताईंनी लगेच विचारलं, "आणखी काय काय परत केलंय त्याने?"

उठून पाहिलं. टेबलावर वहिनीची छत्री, माझा स्वेटर आणि तुझी घराची किल्ली.

"असं सगळं परत करणं म्हणजे निरोप घेणं असू शकतं. जीव द्यायचं मनात आहे का, असं सरळ विचारा," ताई म्हणाल्या. "एकटं सोडू नका."

ते तोंडातून निघेना, म्हणून कागदावर सराव करत होतो. वर तुझी पावलं वाजतायत. येतोय. दार उघड.

तुझा दादा