विजूची तीन वर्षं

८ जानेवारी १९८५, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत दातेसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, नव्या जर्सींचं काहीतरी असेल. पर्सोनेलला आल्यापासून साहेबांनी आमची कबड्डीची एक मॅच पाहिलेली नाही, पण टीम कंपनीची म्हणजे त्यांचीच.

विषय विजूचा. तिची नेमणूक जूनअखेर संपतेय. तिला पुढची तीन वर्षं आत्ताच लिहून द्यावीत, का जूनपर्यंत थांबावं? फेब्रुवारीत मोठी स्पर्धा आहे. तिथे पोरगी चमकली की फोर्टातली ती बँक तिला उचलणार. त्यांचा माणूस आमच्या सरावाला येऊन बसून गेलाय, चणे खात. आत्ता दिली तर ती आपली. पण उद्या गुडघा गेला तर तीन वर्षं गळ्यात.

म्हटलं, "द्या साहेब. डोळे झाकून द्या."

"ते ठीक आहे हो. पण मुलगी बावीस वर्षांची. लग्न करून खेळ सोडला तर? खेळाडूंची एक जागा अडकून पडते. कागदावर असलं काही लिहिता येत नाही. तुम्ही कॅप्टन आहात, तिच्या घरी जाऊन या. तीन वर्षं लग्न नाही, एवढा शब्द घ्या."

मी उठायला लागले. तर हसून म्हणाले, "तुमच्या वेळी माझ्या आधीच्या जोशीसाहेबांनी तुमचा घेतला होता म्हणे."

घेतला होता. आणि मी उभ्याउभ्या दिला होता. चहासुद्धा संपला नव्हता.

९ जाने., बुध.

सरावात लक्ष नव्हतं. मास्तर दोनदा ओरडले.

डाव्या कोपऱ्यात मी, शेजारी विजू, साखळीत तिचा हात माझ्या हातात. चढाईवाली अंगावर यायच्या आत तिची बोटं आवळतात, आणि मला कळतं, आता झेप घ्यायची. बोलावं लागत नाही. घरात दादाशी, वहिनीशी, आईशी सुद्धा माझं इतकं जमत नाही.

ती स्वतः चढाईला जाते तेव्हा बघत राहावं. शेजारणीकडे साखर मागायला जावं तशी जाते, आणि साखर घेऊनच येते. बँकेच्या त्या माणसाला डोळे आहेत, एवढंच म्हणते.

ती गेली तर शेजारी दुसरी कोणीतरी उभी राहील. मास्तर म्हणतील, सवय होते. सगळ्याची सवय होते. मला नकोय सवय.

११ जाने.

पोरी कान टवकारून असतात, म्हणून विजूला नळाजवळ बाजूला घेऊन घाईत सांगितलं, "आईला सांग, रविवारी येतेय. तुझ्याबद्दल बोलायचंय."

ती एकदम लाल. "काय गं ताई?"

"आल्यावर."

नीट सांगायला हवं होतं.

१३ जाने., रविवार

वाट लागली आज माझी.

कुर्ल्याला विजूच्या चाळीत शिरले तर गॅलरीत बायका दाराशी उभ्या. आत चटई, त्यावर धुतलेली चादर. शिरा, पोहे. विजूचे वडील इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले (गिरणीच्या संपापासून घरीच आहेत बिचारे), शेजारी मामा, खास डोंबिवलीहून बोलावलेला. आणि विजू चक्क साडीत! मैदानावर जी समोरचीच्या कमरेला मिठी मारून लोळवते, ती ट्रे घेऊन खाली मान घालून आली. मी हसणार होते, पण तिने माझ्याकडे असं पाहिलं की हसू गिळलं.

तिच्या आईने विचारलं, "मुलगो काय करता?"

"कोण मुलगा?"

"तुझो भाव मां?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. निरोप गेला होता 'ताई तुझ्याबद्दल बोलायला येतेय', आणि ह्यांनी समजून घेतलं, मी माझ्या भावासाठी विजूला मागणी घालायला आलेय. म्हटलं, माझ्या भावाला दोन मुलं आहेत हो. मी कंपनीकडून आलेय.

मामा उठून बाहेर गेला. बिडी ओढायला असेल. वडील शर्टाच्या बाह्या दुमडत बसले.

मग सगळं सांगितलं. तीन वर्षं, बँक, स्पर्धा, सगळं. मागणी घालायलाच आले होते म्हणायला हरकत नाही, फक्त मुलाऐवजी कंपनी.

आईने पोह्यांची बशी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाली, "तीन वरसां चेडवाचा लगीन करूचा नाय? कंपनीक काय पडलाहा आमच्या चेडवाच्या लग्नाचा?"

खरंच, काय पडलंय?

मग माझ्या गळ्याकडे बघून, "तुझा लगीन?"

"नाही झालं."

"कित्याक?"

"राहून गेलं."

तिने आणखी विचारलं नाही. उठून कुंकू आणलं, मला लावलं. तिळाचा लाडू हातावर ठेवला, संक्रांत उद्या असून. आणि म्हणाली, "बरां. तीन वरसां थांबतंव. पण मगे स्थळ तुया हाडूक व्हया. माका दुसरां कोण नाय."

म्हणजे तीन वर्षांनी विजूसाठी मुलगा मी शोधायचा. शब्द घ्यायला गेले आणि देऊन आले.

विजू ह्या सगळ्यात एक अक्षर बोलली नाही. तिला कुणी विचारलंही नाही. मीसुद्धा.

१४ जाने., संक्रांत

सराव संपल्यावर पोरींनी तिळगूळ वाटला. सगळ्या गेल्या. विजू चपलांचा पट्टा लावत बसून राहिली.

"ताई, शब्द आईने दिला. मी नाही."

रमेश नावाचा मुलगा आहे. सांताक्रूझच्या विमानतळावर सामान चढवण्याच्या कामाला. दोन वर्षांपासूनचं आहे. मे महिन्यात घरी सांगून लग्न करायचं ठरवलं होतं दोघांनी. काल साडी नेसताना तिला वाटलं होतं, मी दुसरंच कुणाचं स्थळ घेऊन आले, आता पळून जावं लागणार.

"मग आता?"

"खेळायचंय गं मला. तो थांबीन म्हणतो."

आणि मग, "तुला विचारलं तेव्हा कुणी होतं?"

माझ्याशी असं कुणी बोलत नाही. सांगितलं तिला. प्रभाकर. आमच्या शेजारच्या चाळीतला, मुलुंडला वर्कशॉपमध्ये. तीन वर्षं थांब म्हटलं तर म्हणाला, चालेल. आणि थांबला. कुरकुर नाही, रुसवा नाही. तीन पूर्ण झाली, तर कंपनीने मला कॅप्टन केलं आणि पुढची तीन दिली. मी पेढे वाटले. प्र.ने पेढा खाल्ला, छान म्हणाला. त्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं, त्यांच्या गावाकडच्या मुलीशी.

विजू म्हणाली, "मग तू दुसऱ्यांदा हो का म्हणालीस?"

"खेळायचं होतं."

"आणि तो?"

"तोही हवा होता. दोन्ही हवं होतं गं. अजून दोन्ही हवंय."

तोंडातून निघून गेलं. इतकी वर्षं स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं.

१६ जाने.

घाटकोपरच्या मार्केटात प्र. दिसला. काल-परवाच नाव काढलं आणि हा समोर, हातात मेथीची जुडी. बायको पलीकडे भाव करत होती, मुलगी त्याच्या खांद्यावर. कानशिलावर थोडं पांढरं झालंय.

"अजून खेळतेस?"

"खेळते."

"गुडघा?"

"आहे आपला."

एवढंच. बायकोने हाक मारली, तो गेला. गुडघ्याचं त्याच्या लक्षात आहे. डावा, पहिल्या वर्षी सुजला होता तेव्हा ह्यानेच आंबेहळद उगाळून आणून दिली होती, आईला कळू न देता.

घरी आले. वहिनी म्हणाली, मेथी आणायची होती ना? विसरले होते.

इतकी वर्षं झाली. माणसानं जावं ना मनातून. जात नाही. तो हवा आहे मला, त्याच्या पांढऱ्या केसांसकट. लिहून ठेवते एकदा, कुणाला सांगायचं तर नाहीच.

१८ जाने., शुक्र.

साहेबांकडे गेले. आई तयार आहे, म्हटलं.

"आणि मुलगी?"

"विचारते." खोटं. विचारून झालंय.

मग मीच जरा जोरात म्हणाले, "साहेब, ही अट कशाला? लग्न झालं म्हणून पाय मोडतात का बायकांचे? लग्नानंतर खेळेल ना."

"कोण खेळतंय? आपल्या टीममधलं एक नाव सांगा."

मी नावं शोधली. नंदा लग्नानंतर एक सीझन आली होती. मग सासूने हाफ पँट दोरीवर वाळत घातलेली पाहिली आणि संपलं. बाकी कुणी आलीच नाही.

"खेळू दिलं तर नाव सांगणार ना," एवढंच सुचलं.

साहेब वाईट नाहीत. म्हणाले, "मला खेळातलं कळत नाही, सुमनताई. तुम्ही सांगा, मी वर पाठवतो. तुमचा शब्द पुरे. पण सोमवारी हो किंवा नाही. बँकवाले आपल्यासाठी बसून राहणार नाहीत."

म्हणजे आता माझ्यावर. लग्नाचं खरं सांगितलं तर साहेब तीन वर्षं देणार नाहीत, जूननंतर विजू बँकेत. बँकही हेच विचारेल म्हणा. खरं नाही सांगितलं तर ती माझ्या शेजारी, आणि तो मुलगा तिकडे थांबलेला.

जेवले नाही नीट. आईने विचारलं, पोट बिघडलंय का. हो म्हटलं.

२० जाने., रविवार

आज जादा सराव होता. मैदानाच्या कुंपणाशी एक मुलगा उभा. किडकिडीत, ड्यूटीचा खाकी शर्ट, शर्टाच्या खांद्यावर ठिगळ. विजू त्याच्याकडे बघेना म्हणजे तोच.

मास्तरांनी विश्रांती दिली तेव्हा तो आत आला. मला वाटलं, भांडायला आलाय. आला असता तर बरं झालं असतं, भांडणाचं मला जमतं.

"ताई, मी रमेश. विजू म्हणते, ताईंना विचार. किती थांबायचं ते कुणी नीट सांगत नाही."

आमच्या वेळी प्र.ला कुणी विचारायला आलं नाही, आणि तोही कुणाला विचारायला गेला नाही. जोशीसाहेबांना तो कोण, कुठला, माहीतच नव्हतं.

"तीन वर्षं," म्हटलं.

"तीनच ना?" बोटांवर मोजत विचार करायला लागला. "मग जमेल. तोवर बहिणीचं करून घेतो. घरी काय सांगायचं ते बघतो मी. तिला खेळू दे ताई. खेळते तेव्हा काय दिसते ती!"

"तीनच," मी म्हटलं.

तो थँक्यू म्हणाला. मला! आणि ड्यूटी आहे म्हणून पळाला.

नंतर विजू चढाईला गेली. मी समोरच्या बाजूला होते, मुद्दामच. तिने तिघींना शिवलं, मला चकवून परत गेली, मधल्या रेषेवर उभी राहून हसली. बावीस वर्षांची. अजून तिचा खरा खेळ यायचाय, तो पंचविशीत येतो, माझाही तेव्हाच आला.

उद्या दहाला साहेबांकडे. काय सांगायचं ते ठरत नाही. बाहेर शेजाऱ्यांचा रेडिओ चालू आहे, आई झोप म्हणतेय.

एक मात्र मघापासून सुटत नाही. त्या मुलाला मी 'तीनच' म्हणाले, आणि म्हणतानाच मनात हिशेब चालू होता: तीन वर्षांनी मी खेळ थांबवेन, तेव्हा कॅप्टन कोण? विजूच. दुसरी आहे कोण? तेव्हा साहेबांकडे जाऊन तिच्यासाठी पुढची तीन मागणार कोण? मीच.