बायडाआत्याचा शेवट

३ ऑगस्ट, शनिवार
कथा संपली! पंधरा तारखेच्या आत दिवाळी अंकाला पाठवायची. बीडचा जुना भाजीबाजार रस्तारुंदीत मोडतो आणि तिथं भाजी विकणारी म्हातारी त्याच आठवड्यात मरते. म्हणजे जुनं शहरच मरतं. शेवट लिहिताना मीच रडले.
म्हातारी म्हणजे बायडाआत्याच — नाव तेवढं बदललंय. अप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच. पहाटेच्या एसटीनं भाजी घेऊन बीडला जाते, संध्याकाळी परत.

४ ऑगस्ट
जेवणं झाल्यावर घरी वाचून दाखवली. आईनं डोळे पुसले. घरात मीच पहिली पदवीधर, त्यामुळे मी लिहीन ते छापूनच येणार असं तिला वाटतं. आत्या म्हणाली,
"मला कावून मारलंस?"
ती तू नाहीस, म्हटलं. तर म्हणे, मेथीची जुडी अशी मीच बांधते. मग समजावलं — शहर बदलतं तेव्हा कथेत असंच करतात. ती उठून उद्याच्या जुड्या बांधायला लागली.

५ ऑगस्ट
आत्या रोज निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवते. आज तशीच गेली.

७ ऑगस्ट, बुधवार
आत्यासोबत बीडला गेले. जुना बाजार मोडल्यावर बांधलेली नवी मंडई पहिल्यांदाच पाहिली — आणि कथेत मी तिला 'सिमेंटचं थडगं' म्हटलंय! आत्या ओट्यावर ऐसपैस, गिऱ्हाइकांना झापत बसलेली. शेजारच्या साखराबाईनं मला न्याहाळलं.
"आमच्या बायडाला मारणारी तूच का गं?"
सगळ्या हसल्या. मेल्यावर तरी मेथी स्वस्त देती का, असं कुणीतरी मागून म्हणालं.
जुन्या बाजाराची आठवण येत नाही का, आत्याला विचारलं. येते, म्हणाली. लिंबाची सावली लई गार होती. मग जुड्या मांडता मांडता —
"पर तिथं बायांना जायला जागा न्हवती. दिसभर पाणीच पीत न्हवते मी."
त्या बाजारावर मी पाच पानं लिहिलीत. त्यांत तिला एकदाही तहान लागत नाही.

८ ऑगस्ट
कथेत मारू नको तर काय करू, आत्याला विचारलं. लाजली! मग म्हणाली, मंडईमागं नव्या बिल्डिंगी झाल्यात, त्यातली एक खोली दे. वरच्या मजल्यावर. खिडकी पाहिजे.
"आन् सांजच्याला एसटी पकडायची न्हाई."

१३ ऑगस्ट
नवा शेवट. म्हातारी खिडकीत पाय पसरून चहा पिते, खाली शहर चाललेलं. एवढाच. आत्यानं तेवढा तुकडा दोनदा वाचायला लावला. अप्पा म्हणाले, गोष्टीत ठीक हाय. पाठवली.

१ सप्टेंबर, रविवार
आत्यानं मंडईमागं भाड्यानं खोली घेतली. खरीच. कुणालाच विचारलं नाही. अप्पा रागावतील वाटलं होतं. त्यांनी मुकाट्यानं तिची पेटी मोटारसायकलला बांधली.
तिला सोडून आले ते ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसले. मग हळूच म्हणाले,
"पुढं काय लिवलंस तिचं?"