पांगाऱ्याची खाट

१४ मे १९४४, रविवार
आज सकाळी जप अर्धा सोडून उठलो. नात जनीच्या वाकळेखाली विंचू निघाला. जीव आहे, सुपात घेऊन बाहेर सोडावा म्हणून मी सूप शोधत होतो, तेवढ्यात आमच्या हिने चपलेने काम उरकले. पोर तेव्हापासून जमिनीवर निजायला तयार नाही. शब्द दिला, पावसाच्या आत तुला खाट. धाऊ सुताराला सांगा, असे हिचे म्हणणे. चार पाय नि चार दांड्या, त्याला सुतार कशाला?

१८ मे
गुरुवार, चांगला दिवस. कुंपणातला पांगारा तोडला. हलका असतो. कोणा देवाचा नाही, म्हणजे पापही नाही. साल ठेवली, शोभा येते. लढाईमुळे खिळे मिळत नाहीत. मिळाले असते तरी मी घेतले नसते. सुंभाने बांधणार.

२२ मे
खाट उभी. तीन पाय टेकतात, चौथा विचार करतो आहे. एक कापावा तर दुसरा लांब ठरतो. माझ्या जुन्या खाटेवर पडून चिंतन केले.

२३ मे
सुचले. पडवीत खड्डे घेऊन चारही पाय वीतभर पुरले, शेणमातीने चोपले. शेजारचा मालोजी म्हणाला, "सहदेवदा, खाट करतोस का मांडव घालतोस रं?" या माणसाने जन्मात पोळपाट केलेला नाही.

२६ मे
जनी निजली. सुंभ सैल पडून पोर मधोमध जमिनीला टेकली. हाडांना बरे असते, असे मी सांगितले. ही म्हणाली, "मग आदी भुईवर निजत व्हती, ती काय वाईट?" पोर रडली.

३० मे
सुंभ आवळला. आता हिची नवी शंका, "इंचू पायावरनं वर चढत नाय व्हय?" चारी पायांभोवती आळी केली. दोन वेळा पाणी भरतो. विंचवाने आता पोहायला शिकावे. चिखल वाळेपर्यंत जनी आजीच्या मांडीवर. दोघींची झोप होत नाही.

१७ जून
दोन पायांना हिरवे कोंब. लाकूड पुरते वाळले होते, असे माझे मत आहे. म्हणजे हे नामस्मरणाचेच फळ. तसे मी वरच्या आळीतल्या अंबाबाईला बोललो. बोलायला नको होते.

२० जून
अंबाबाई गावातल्या बाया घेऊन आली. खाटेला हळदकुंकू, नारळ. जनी वर चढू लागली तर सगळ्या एकदम, "उतर गं, पाय लागंल!" मी त्यांना समजावणार होतो, पण एकीने मलाही नमस्कार केला.

२४ जून
काल पुन्हा विंचू. खाट देवाची झाल्यापासून पोर भुईवरच, तिच्या उशाशी. रात्रभर ती बसून होती. मालोजी म्हणतो, "पुढल्या सालाला खाटंला फुलं येतील, दादा. पोरीनं तवर उभ्यानं निजायचं." ही नुसती माझ्या खाटेकडे बघत राहिली.

२५ जून, संध्याकाळी
जनीला माझ्या खाटेवर निजवले. पडल्या पडल्या झोपली. निर्णय सर्वस्वी माझा. हिने फक्त माझे अंथरूण आधीच खाली टाकून ठेवले होते. जमिनीवर निजणे सात्त्विक. रॉकेल जपायचे दिवस आहेत, तरी कंदील मोठा केला आहे. वाकळ तीनदा झटकली. आणखी एकदा झटकतो.